अमेरिकेतल्या बंदुका आणि रोजचे धोके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदुकीच्या वादात फेकले जाणारे बहुतेक आकडे खरे असतात. लपवलेला असतो तो छेद. कशामागे मोजले, कोणत्या वयात मोजले, अपघात मोजले की सगळे मृत्यू, हे सांगितले नाही की खऱ्या आकड्यानेही दिशाभूल करता येते. खालचे प्रश्न अमेरिकेत राहणाऱ्या, तिकडे लेकीकडे-मुलाकडे जाणाऱ्या आणि इकडे बसून बातम्या पाहणाऱ्या अशा सगळ्यांसाठी आहेत.

अमेरिकेत वर्षाला बंदुकीने नेमकी किती माणसे मरतात?

२०२३ मध्ये ४६,७२८. त्यात आत्महत्या २७,३००, खून १७,९२७, पोलिसांच्या गोळीने ६०४, अपघात ४६३ आणि कारण निश्चित न झालेले ४३४. वयोरचनेतला फरक काढून टाकला तर दर लाख लोकसंख्येमागे १३.७. आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा २०२१ चा, ४८,८३०. पण दर लाखामागे पाहिले तर १९७४ हे वर्ष त्याहून वाईट होते. तेव्हा दर १६.३ होता. "इतिहासातला उच्चांक" आणि "पन्नास वर्षांपूर्वी याहून वाईट होते" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात ती अशी.

निम्म्याहून जास्त तर आत्महत्याच आहेत. मग त्या या हिशेबात धरायच्याच कशाला?

बंदुकीच्या बाजूचे लोक हा आक्षेप नेहमी घेतात. त्यात एवढे तथ्य आहे की "४६ हजार बळी" म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा गोळीबार येतो, आणि ते चित्र चुकीचे आहे. रस्त्यावर आपल्याला कोणी मारील का, एवढाच प्रश्न असेल तर आत्महत्या वगळूनच मोजायला हवे.

पण घरात बंदूक ठेवावी का, हा प्रश्न असेल तर त्या वगळणे म्हणजे हिशेबातली सर्वांत मोठी रक्कम खोडून टाकणे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक हाताशी असली की वाचायची ही संधीच उरत नाही; अशा दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ जीवघेणे ठरतात. म्हणून कठीण काळात बंदूक काही दिवस घराबाहेर, विश्वासू नातेवाइकाकडे किंवा ती सांभाळायला घेणाऱ्या दुकानात ठेवा, असा सल्ला आता डॉक्टर आणि काही बंदूक दुकानदारही देतात. हस्तांतराचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेवढे आधी पाहून घ्यावेत.

स्वतःची किंवा घरातल्या कोणाची अशी अवस्था असेल तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.

गाड्यांनी तेवढीच माणसे मरतात. मग गाड्यांवर बंदी का घालत नाही?

आकडा जवळपास बरोबर आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर ४०,९०१ माणसे मेली. पण ही तुलना फेकणाऱ्याने पुढचे पान वाचलेले नसते.

१९६६ मध्ये तिथे ५०,८९४ माणसे रस्त्यावर मेली होती. म्हणजे वाहनांनी कापलेल्या दर दहा कोटी मैलांमागे साडेपाच. २०२३ मध्ये तो दर १.२६ होता. १९६६ चाच दर राहिला असता, तर २०२३ च्या वाहतुकीत वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर बळी गेले असते. हे गाड्यांवर बंदी घालून झाले नाही. १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा आला. १९६८ पासून नव्या गाडीत सीटबेल्ट बंधनकारक झाला. तो असूनही लोक लावत नव्हते, म्हणून १९८४ मध्ये न्यूयॉर्कने न लावणाऱ्याला दंड सुरू केला. त्याच वर्षी दारू पिण्याचे वय २१ करण्यासाठी राज्यांच्या रस्तेनिधीला कात्री लावणारा केंद्रीय कायदा झाला. पुढे एअरबॅग आल्या, घसरती गाडी सावरणारी यंत्रणा आली. या सगळ्यामागे १९७५ पासूनची एक नोंदवही आहे: प्रत्येक जीवघेण्या अपघाताची वेळ, रस्ता, वेग, पट्टा लावला होता की नाही, हे सगळे त्यात टिपले जाते. उपाय सुचले ते त्या नोंदींमुळे.

बंदुकीच्या बाबतीत यातले बरेच काही कायद्यानेच अडवले आहे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेसाठी जो केंद्रीय आयोग आहे, त्याला बंदूक आणि काडतुसांवर अधिकारच नाही. तो बंदुकीची पेटी सदोष म्हणून बाजारातून परत मागवू शकतो, आतली बंदूक मागवू शकत नाही. बंदुकांची केंद्रीय नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. १९९६ मध्ये सरकारी आरोग्यसंस्थेच्या निधीला एक अट लावली गेली आणि त्या धाकाने बंदुकीवरचे संशोधन वीसेक वर्षे जवळपास थांबले. २०२० च्या अर्थसंकल्पात त्यासाठी पुन्हा अडीच कोटी डॉलर आले.

दुसऱ्या बाजूचे उत्तरही तोलामोलाचे आहे. गाडी चालवणे ही सवलत, बंदूक बाळगणे हा राज्यघटनेतला हक्क. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालाने हा व्यक्तीचा हक्क मानला. शिवाय स्वतःच्या शेतात गाडी फिरवायला परवाना लागत नाही, आणि टेक्सासचा वाहन परवाना न्यूजर्सीत चालतो. "बंदुकीला गाडीसारखेच वागवा" हे खरोखर अमलात आणले तर एका राज्याचा बंदूक परवाना पन्नास राज्यांत चालेल. ते मात्र ही घोषणा देणाऱ्यांपैकी बहुतेकांना नको असते.

दोन धोक्यांची तुलना करायची असेल तर योग्य रीत कोणती?

आधी अंश ठरवा: अपघात, खून, आत्महत्या की सगळे मिळून. मग छेद ठरवा: माणसामागे, घरामागे, वस्तूमागे, तासामागे की मैलामागे. दोन्ही बाजूंना तोच अंश आणि तसाच छेद लावा. वय आणि ठिकाण सारखे ठेवा. शेवटी हा धोका कोण पत्करतो आणि कोणावर लादला जातो, ते विचारा. कारण स्वतः निवडलेला धोका माणूस सहज सोसतो आणि दुसऱ्याने लादलेला त्याच्या शतांशही सोसत नाही. पॅराशूटने उडी मारणारा गृहस्थ शेजारच्या कारखान्याच्या धुरावर तक्रार करतो, यात विसंगती काही नाही.

मोजायला सोपे माप म्हणजे मायक्रोमॉर्ट: दहा लाखांत एक इतकी मरणाची शक्यता. स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी ते रूढ केले. वरचे आकडे त्यात बसवले तर अमेरिकेतल्या सरासरी माणसाला रस्त्याचा धोका वर्षाला साधारण १२२ मायक्रोमॉर्ट, बंदुकीने खून होण्याचा साधारण ५३, आणि बंदुकीने कसाही मृत्यू येण्याचा साधारण १४० ठरतो. रस्त्याचा दर अंतराने काढला तर सुमारे १३० किलोमीटर गाडी चालली की एक मायक्रोमॉर्ट होतो. यात पादचारीही धरले आहेत आणि हिशेब गाडीमागे आहे, प्रवाशामागे नाही.

हा "सरासरी माणूस" म्हणजे मी का?

बहुधा नाही. बंदुकीचा धोका इतका असमान विभागलेला आहे की सरासरी जवळजवळ निरुपयोगी ठरते. २०२१ मध्ये सगळ्या प्रकारचे मृत्यू धरून दर लाखामागे मिसिसिपीत ३३.९, मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४ आणि मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या न्यूजर्सीत ५.२ असा दर होता. एकाच शहरातही तसेच: खून मूठभर वस्त्यांत एकवटलेले असतात आणि बळी बहुतांशी तरुण पुरुष, त्यातही कृष्णवर्णीय तरुण, असतात. आत्महत्यांचा नकाशा नेमका उलटा: ग्रामीण भाग, गोरे, प्रौढ आणि वृद्ध पुरुष. न्यूजर्सीतल्या एडिसनसारख्या उपनगरात राहणाऱ्या चाळिशीतल्या इंजिनिअरसाठी अनोळखी माणसाच्या गोळीपेक्षा स्वतःच्या कपाटातली बंदूक आणि रोजचा टर्नपाइक (टोल महामार्ग) या गोष्टी जास्त विचार करण्याजोग्या आहेत.

पोहण्याचा तलाव बंदुकीपेक्षा धोकादायक आहे म्हणतात, ते खरे का?

हे गणित शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांचे, २००१ मधले. वर्षाला दहा वर्षांखालची सुमारे ५५० मुले बुडतात आणि घरगुती तलाव ६० लाख, म्हणजे ११,००० तलावांमागे एक मूल. त्याच वयाची सुमारे १७५ मुले बंदुकीने मरतात आणि बंदुका २० कोटी, म्हणजे दहा लाखांहून जास्त बंदुकांमागे एक मूल. तलाव जवळजवळ शंभरपट वाईट.

आता छेद बघा. घरात तलाव एकच असतो. बंदुका चार-पाच असतात. तुलना घरामागे करायला हवी. बंदूक असलेली घरे तेव्हा ४ कोटींच्या आसपास धरली तर २ लाख ३० हजार घरांमागे एक मूल येते. फरक शंभरपटीवरून वीसपटीवर आला. तरीही लहान मुलांसाठी तलावच जास्त घातक आहे, हा निष्कर्ष टिकतो. १ ते ४ वयोगटात बुडणे हे मृत्यूचे पहिले कारण आहे, आणि कुंपण नसलेल्या तलावाच्या घरी नातवंडे नेताना हे लक्षात असलेच पाहिजे.

पण वयाची मर्यादा दहावरून १९ वर न्या, सगळे उलटते. २०२० मध्ये १ ते १९ वयातले ४,३०० च्या वर मृत्यू बंदुकीने झाले. बुडून झालेले, सगळे पाणी धरून, हजाराच्या आसपास. दहा ही मर्यादा घातली म्हणून तलाव जिंकला.

"मुलांच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक" हे वाक्य कितपत बरोबर?

२०२० पासून १ ते १९ वयोगटासाठी बरोबर आहे. तोवर रस्ता अपघात पहिल्या क्रमांकावर होते. त्यावर आक्षेप असा की १८-१९ वर्षांचे "मूल" नव्हेत. तो रास्त आहे. पण १ ते १७ असा गट घेतला तरी २०२२ मध्ये बंदूकच पहिली येते, २,५२६ मृत्यू, दिवसाला सात. एक वर्षाखालची बाळे धरली तर मात्र जन्मजात व्यंगे आणि जन्मावेळच्या गुंतागुंती कितीतरी पुढे जातात. म्हणून हे वाक्य उद्धृत करताना वयोगट सोडू नये.

"डॉक्टर बंदूकवाल्यांपेक्षा ९,००० पट घातक" हा संदेश येतो तो?

जुना ढकलसंदेश. सात लाख डॉक्टर, त्यांच्या चुकीने १,२०,००० मृत्यू. आठ कोटी बंदूकधारी, १,५०० अपघाती मृत्यू. भागाकार करा आणि हसा. यात एका बाजूला फक्त अपघात घेतले, खून आणि आत्महत्या गाळल्या. दुसऱ्या बाजूला आधीच आजारी असलेली माणसे घेतली आणि डॉक्टरांनी वाचवलेली माणसे मोजलीच नाहीत. चावट विनोद म्हणून ठीक आहे.

रायफलपेक्षा हातोडीने जास्त खून होतात?

एफबीआयच्या २०१९ च्या तक्त्यात रायफलने ३६४ आणि हातोडी-दांडक्यासारख्या बोथट वस्तूंनी ३९७ खून नोंदले आहेत. लाथाबुक्क्यांनी ६००, सुरीने १,४७६. म्हणजे वाक्य खरे. फक्त त्याच तक्त्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने ६,३६८ आहेत, आणि "बंदूक होती पण प्रकार नोंदला नाही" असे ३,२८१. त्यांत रायफली किती, ते तक्ता सांगत नाही.

या तक्त्यातून निघणारा निष्कर्ष दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे. राजकारण होते ते लष्करी धाटणीच्या रायफलींवर. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे त्यांच्यावर बंदीही होती. मरणे होतात ती मुख्यतः साध्या पिस्तुलाने, आणि त्याबद्दल निवडणुकीत सहसा कोणी बोलत नाही.

सामूहिक गोळीबाराची भीती अवास्तव आहे का?

किती, ते व्याख्येवर आहे. २०२१ मध्ये एफबीआयच्या व्याख्येने, म्हणजे वर्दळीच्या जागी माणसे मारत सुटलेला हल्लेखोर, अशा ६१ घटना झाल्या आणि हल्लेखोर सोडून १०३ माणसे मेली. "हल्लेखोर वगळून चार किंवा जास्त जणांना गोळी लागली" ही गन व्हायोलन्स अर्काइव्ह या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची व्याख्या घेतली तर मृतांचा आकडा ७०६ होतो, कारण त्यात टोळ्यांची भांडणे आणि घरातली हत्याकांडेही येतात. बातमीत कोणती व्याख्या आहे ते पाहिल्याशिवाय आकडा पुढे पाठवू नका.

१०३ म्हणजे माणशी वर्षाला ०.३ मायक्रोमॉर्ट, सुमारे ४० किलोमीटर गाडी. एडिसनहून मॅनहॅटनला एकदा गेले तरी सरासरी हिशेबाने त्याहून जास्त होते. या भीतीपोटी मुलाला शाळेच्या बसऐवजी रोज गाडीने सोडणे, हा आकड्यांच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर असेच झाले होते: लोकांनी विमान सोडून रस्ता धरला आणि पुढच्या वर्षभरात रस्त्यावर अंदाजे दीड हजार जादा मृत्यू झाले, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी दाखवले.

तरीही भीती मूर्खपणाची ठरत नाही. २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या उवाल्दीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. एकाच गावातली, एकाच तासातली २१ माणसे आणि देशभर विखुरलेली २१ माणसे समाजाला सारखी लागत नाहीत. मायक्रोमॉर्टमध्ये तो फरक मावत नाही.

बंदुकीने स्वतःचे रक्षण करणारेही असतील ना? त्यांचा आकडा काय?

६०-७० हजारांपासून २५ लाखांपर्यंत, वर्षाला. एवढी तफावत कशी पडते ते पाहण्यासारखे आहे.

मोठा आकडा १९९३ च्या एका दूरध्वनी पाहणीतला. सुमारे ५,००० जणांना विचारले. गेल्या वर्षभरात संरक्षणासाठी बंदूक वापरली असे १.३ टक्के म्हणाले. त्याला १९ कोटी प्रौढांनी गुणले. आता समजा दर शंभरात एकाने चुकून, बढाई म्हणून किंवा दोन वर्षांपूर्वीची घटना "गेल्या वर्षी" समजून हो म्हटले. तेवढ्यानेच १९ लाख खोटे प्रसंग तयार होतात. दुर्मीळ गोष्ट थेट विचारून मोजली की हे होणारच.

छोटा आकडा सरकारी गुन्हेबळी पाहणीतला. तिथे आधी "तुमच्यावर गुन्हा झाला का" असे विचारतात आणि हो म्हणणाऱ्यालाच पुढचा प्रश्न. बंदूक दाखवताच चोर पळाला, म्हणून गुन्हा झालाच नाही असे मानणारा माणूस त्यातून सुटतो. खरा आकडा छोट्याच्या जास्त जवळ असावा असे आम्हाला वाटते, पण शून्य नक्कीच नाही. २०२३ मध्ये ७२ टक्के बंदूकधारकांनी संरक्षण हेच बंदूक ठेवण्याचे मोठे कारण सांगितले.

शिकागोत कायदे कडक, तरी खून जास्त. म्हणजे कायदे निरुपयोगी?

शिकागो शहराच्या २०१७ च्या अहवालात, गुन्ह्यांत सापडून माग लागलेल्या बंदुकांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास इलिनॉयबाहेरून, म्हणजे शिकागोच्या राज्याबाहेरून, आल्या होत्या. एकट्या शेजारच्या इंडियाना राज्यातून २१ टक्के. शहराच्या हद्दीवरून इंडियानात जायला नाका नाही, बस पुरते. गोव्याच्या दारूवर महाराष्ट्रात जकात का वसूल होत नाही, तोच प्रकार. एका राज्याच्या कायद्याचे यश शेजारच्या राज्यावर टांगलेले असते.

मग कोणत्या कायद्यांचा उपयोग होतो, हे ठरले आहे का?

रँड ही संशोधनसंस्था या विषयावरचे सगळे अभ्यास चाळून वेळोवेळी निष्कर्ष देते. त्यात सर्वांत भक्कम पुरावा एका कंटाळवाण्या कायद्यामागे आहे: मुलाच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणाऱ्या मोठ्या माणसाला जबाबदार धरा. त्याने किशोरांच्या आत्महत्या आणि बंदुकीचे अपघात कमी होतात. उलट, मागे हटणे शक्य असतानाही गोळी झाडण्याची मुभा देणाऱ्या कायद्यांनी खून वाढतात. लष्करी धाटणीच्या रायफलींच्या बंदीने सामूहिक गोळीबार घटतो की नाही, याचा ठाम निष्कर्ष त्यात नाही.

दुकानात जाऊन बंदूक घेणे खरेच इतके सोपे आहे?

परवानाधारक दुकानात ओळखपत्र दाखवून ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय अर्ज भरायचा. खरा खरेदीदार तूच आहेस का, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, घरगुती हिंसेचा आदेश आहे का, अमली पदार्थ घेतोस का, असे प्रश्न असतात. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी हा अर्ज केंद्राचा आहे. दुकानदार ती माहिती एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला देतो. ती १९९८ पासून चालू आहे. बहुतेक उत्तरे काही मिनिटांत येतात. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदाराला बंदूक देता येते. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला ती अशीच मिळाली होती. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्यांसाठी ही मुदत गरज पडल्यास कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवली. दुकानातून रायफल १८ व्या वर्षी, पिस्तूल २१ व्या.

एकाच राज्यातल्या दोन खासगी व्यक्तींच्या व्यवहाराला केंद्रीय तपासणी लागत नाही. काही राज्यांनी ती स्वतः लावली आहे. वरून राज्यांचे आपले नियम. न्यूजर्सीत पिस्तुलागणिक आधी परवाना घ्यावा लागतो, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावे लागते, टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना विनापरवाना पिस्तूल बाळगता येते.

एच-१बी व्हिसावर बंदूक घेता येते का? शूटिंग रेंजवर भाड्याने?

ग्रीनकार्ड असेल तर केंद्रीय कायद्याने घेता येते. एच-१बी, एफ-१, पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायलाच मनाई आहे. यात मालकीचा प्रश्न नाही. रेंजवर तासभर भाड्याने हाती घेणे हाही ताबाच. मुख्य अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकारी परवाना. तो काही राज्यांत परदेश्यालाही सहज मिळतो, पण तो खिशात नसताना मित्रांबरोबर मजा म्हणून चार गोळ्या झाडल्या तर कमाल शिक्षा १५ वर्षांची आहे आणि व्हिसा जातो तो वेगळाच. फोटो समाजमाध्यमावर टाकून पुरावा आपणच देणारेही असतात.

मित्राला व्हिसामुळे मिळत नाही म्हणून ग्रीनकार्डवाल्याने त्याच्यासाठी घेऊन देणे हा २०२२ पासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे.

भारतात बंदुका कमी, म्हणून आपण जास्त सुरक्षित?

बंदुकीपुरते, हो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना हा हक्क नसून सरकारची मर्जी आहे. मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्त, इतरत्र बहुतेक ठिकाणी जिल्हादंडाधिकारी. जिवाला धोका का आहे ते पटवून द्यावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रे. पण २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ५०,०२९ बिनहेल्मेट दुचाकीवर. अमेरिकेत वर्षभरात बंदुकीने जितके एकूण मृत्यू होतात, त्याहून हे बिनहेल्मेटवाले जास्त आहेत. लोकसंख्या चौपट आहे, हे विसरायचे नाही. छेद आपल्यालाही लागू.

मुलगा वर्गमित्राकडे खेळायला जातो. त्यांच्या घरी बंदूक आहे का, हे कसे विचारायचे?

सरळ. शेंगदाण्याची ॲलर्जी आणि घरातला कुत्रा यांच्याच रांगेत: "तुमच्याकडे बंदूक आहे का, असेल तर कुलपात असते ना?" अमेरिकेत चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात, त्यामुळे प्रश्न अपमानाचा वाटत नाही. भरलेली आणि कुलूप नसलेली बंदूक ज्या घरात आहे अशा घरांतल्या मुलांची संख्या २०२१ च्या पाहणीनुसार ४६ लाख आहे.

स्वतःच्या घरी असेल तर बंदूक रिकामी, कुलपात, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. मॅगझिन (गोळ्यांची डबी) काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे वाटते, पण एक गोळी नळीच्या मागच्या कोठडीत चढलेली असते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून कोठडी डोळ्यांनी पाहायची आणि बोटाने चाचपायची. चापावर लावायचे कुलूप भरलेल्या बंदुकीला लावू नये, लावतानाच चाप दबू शकतो. तारेचे कुलूप कोठडीतून ओवायचे, म्हणजे बंदूक बंदच होत नाही. नवे पिस्तूल विकताना असे कुलूप किंवा तत्सम साधन देणे परवानाधारक दुकानदारावर बंधनकारक आहे. बोटाच्या ठशाने उघडणारी काही स्वस्त पेट्यांची मॉडेले पहिले बोट नोंदवेपर्यंत कोणाच्याही बोटाने उघडतात. आणल्याबरोबर मुलाच्या बोटाने उघडून पाहावी. कपाटाचा वरचा खण ही लपवायची जागा नाही. पोरांना तो माहीत असतो.

रेंजवर वापरलेली पिशवी भारतात नेली तर?

नेऊ नका. पिशवीच्या शिवणीत राहिलेले एक काडतूस अमेरिकेच्या तपासणीतून निसटते आणि परतीच्या वेळी मुंबईच्या विमानतळावर सापडते. मग शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा, पासपोर्ट जप्त आणि विमान चुकलेले. "जाणीवपूर्वक ताबा" नव्हता म्हणून उच्च न्यायालयांनी अशी बरीच प्रकरणे रद्द केली आहेत, पण तिथपर्यंत महिने जातात. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, जॅकेटचे आतले खिसे उलटे करून पाहा, आणि रिकामी पुंगळी आठवण म्हणूनही आणू नका.